खारवाडीचा टपालखांब

चिठ्ठी मैनाच्या हातात पडली तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

खाकी पाकीट होतं, वर सरकारी शिक्का. पत्त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग बसला होता आणि एक कोपरा तेलाने पारदर्शक झाला होता. मैनाने ती दारातच उभी राहून वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली.

बायजा मिठागरावरून नुकतीच आली होती. खाऱ्या पाण्याने टाचांना भेगा पडल्या होत्या, म्हणून पडवीत बसून ती गोड्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून होती. येताना तंबाखू घ्यायला ती फाट्यावरच्या हैबतरावाच्या दुकानात गेली, तेव्हा त्याने तराजूखालून पाकीट काढून दिलं होतं. "बायजे, तुमची एक चिठ्ठी पडून हाय गो. आठ-पंधरा दिस झाले असतील."

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"अलिबागला बोलावलं होतं. नर्सच्या शिक्षणाला. सहा तारखेला."

"मग जा की."

"आज पंधरा हाय, आये."

बायजाचे पाय घमेल्यात तसेच राहिले. आत चुलीवर आमटी उतू जात होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

मैनाचा बाप महिपती घरत संध्याकाळी खाडीवरून आला आणि त्याला कळलं. तो होड्या बांधणारा माणूस. पेणच्या खाडीत मिठाचे मचवे चालत होते तोवर त्याच्या हाताला उसंत नव्हती. मग सडक झाली, मीठ ट्रकने जाऊ लागलं आणि तीन वर्षांत एकही नवा मचवा कुणी सांगितला नाही. तो आता दुसऱ्यांच्या होड्यांच्या फटी बुजवायचा, नाहीतर उघाडीच्या, बांधातल्या भरती अडवणाऱ्या दाराच्या, फळ्या बदलायचा. बोलायचा कमी. त्या दिवशी तो जेवलाही कमी.

सकाळी तो फाट्यावर गेला. दुकानापुढच्या बाकावर पाच-सहा माणसं चहा पीत होती.

"हैबतराव, पोरीची चिठ्ठी तुमच्याकडं धा-पंधरा दिस पडून होती."

"होती. मग?"

"निरोप तरी धाडायचा. आमची माणसं रोज हितनं जातात."

हैबतरावाने भजीचा झारा कढईच्या काठावर आपटला. "मी काय सरकारी नोकर हाय? पोस्टमन हितं टाकून जातो, मी ठेवतो. उपकार समज. आन् तुम्हा मिठातल्या माणसांना कसल्या रं चिठ्ठ्या येतात? जन्मात एक आली, ती पण उशिरा वाचली, एवढंच."

बाकावरचे हसले. महिपतीच्या मानेची शीर उठली. तो त्याच पावली पुढे निघाला आणि तीन मैल चालत पोस्टात गेला.

पोस्टाचे कमळाकर मास्तर स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, पोस्टमन रघूलाही बोलावलं. रघूने हात जोडले. "महिपतीदादा, फाट्यापासून तुमच्या वाडीपर्यंत दीड मैल नुसता बांध. एकदा सायकलसकट चिखलात गेलो, थैली भिजली. तवापासून दुकानात ठेवतो."

"मग आम्ही फाट्यावर आमची पेटी लावतो," महिपती म्हणाला. "सात घरं, सात खण. तू त्यात टाक."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "लावा. पण लेचीपेची नको. टपाल म्हणजे जोखीम असते. कुलपाची पाहिजे, आत पाणी जाता कामा नये, आणि पावसाळाभर उभी राहिली पाहिजे. पडली तर टपाल परत दुकानात. मग माझ्याकडे यायचं नाही."

पहिला खांब महिपतीने चार दिवसांत उभा केला. बाभळीचा सोट, वर रॉकेलच्या डब्याची पेटी. राग होता, म्हणून घाई होती. आठव्या दिवशी म्हशींनी त्याला अंग घासून तो वाकवला. भरतीचं पाणी रस्त्याकडेच्या मातीत झिरपलं तसा तो आणखी कलला, आणि शेवटी मिठाच्या एका ट्रकने मागे येताना त्याला आडवा केला. डबा चपटा होऊन रस्त्यात पडला. हैबतरावाने तो उचलून आणला आणि बायजा मिठागरावर निघाली होती तिच्यापुढे धरला.

"घे गो. घागरीवर झाकण होईल."

बायजाने डबा घेतला. दिवसभर मिठाच्या पाट्या वाहिल्या, आणि घरी आल्यावर तो नवऱ्यापुढे ठेवला. "मना त्यानं दिला. सगळ्यांदेखत." एवढंच बोलून ती पाणी भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी महिपतीने हत्यार उचललं नाही. फाट्यावर रस्त्याच्या पलीकडे एक आंब्याचं झाड होतं, त्याखाली जाऊन बसला. दिवसभर बसला. तिसऱ्या दिवशीही तिथेच. लोक म्हणाले, पोरीच्या चिठ्ठीने ह्याचं डोकं फिरलं. हैबतराव मोठ्याने गिऱ्हाइकांना सांगायचा, "तो बघा, चिठ्ठीची वाट बघतोय."

महिपती वाट बघत नव्हता, रस्ता बघत होता. ट्रक वळताना त्याचं बूड कुठपर्यंत येतं, हे त्याने चाकांच्या खुणांवरून मोजलं. म्हशी कोणत्या वेळी येतात, कोणत्या उंचीवर मान घासतात, ते पाहिलं. रघू आला तेव्हा त्याला म्हणाला, "सायकलवरनं उतरू नको. बसल्या बसल्या हात पुढं कर." रघूने एक पाय जमिनीला टेकवून हात लांबवला. महिपतीने सुतळीने उंची घेतली, गाठ मारली. मग रस्त्याकडेला हाताने खणून माती चाखून बघितली. खारी होती. वीतभर खाली पाणी लागलं.

घरी येऊन तो पडवीत आडवा झाला. मैना भाकरी थापत होती.

"ट्रक लागणार नाय एवढा खांब मागं घेतला, तर रघूचा हात पोचत नाय," तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "पुढं घेतला तर ट्रक लागतो."

"मग पेटीच पुढं काढा, बाबा. खांब मागं आन् पेटी पुढं. हात लांब केल्यासारखी."

"ट्रक पेटीला लागंल."

"लागला तर लागू दे. वळली पाहिजे, मोडली नाय पाहिजे."

महिपती उठून बसला. मचव्याचं सुकाणू त्याच्या डोळ्यांपुढे आलं. मागच्या बाजूला खिळीवर टांगलेलं असतं. गाळाला लागलं की वळतं, सुटलं की जागेवर येतं. मोडत नाही, कारण ते अडून बसत नाही.

"पोरी," तो म्हणाला, "करपली बघ भाकरी." आणि भाकरी खरंच करपली होती.

खाडीच्या काठाला त्याच्या बापाचा मचवा सात वर्षं उपडा पडला होता. वरच्या फळ्या लोकांनी सरपणाला नेल्या होत्या, पण तळातून जाणारा कणा शाबूत होता. अस्सल साग, वीस वर्षं खारं पाणी प्यायलेला, खिळा मारला तर खिळाच वाकेल असा. महिपतीने करवत लावली तेव्हा बायजा मिठागरावरून येत होती. ती थांबली. तिचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड ह्याच मचव्यातून आलं होतं.

"कापतोस?"

"पडून काय उपयोग?"

तिने डोक्यावरची चुंबळ काढली, पदर खोचला आणि करवतीचं दुसरं टोक धरलं. "एकट्यानं ओढलीस तर वाकडा कापशील."

दोघांनी तो कणा अंधार पडेपर्यंत कापला. बायजाच्या तळहाताला मिठाने आधीच चिरा होत्या, त्यातून रक्त आलं, तिने ते लुगड्याला पुसलं. लाकडाच्या पोटातून तेलाचा वास आला, बापाच्या कपड्यांना यायचा तसाच. महिपती एकदा थांबला, मग परत ओढू लागला.

पुढचे दिवस वैशाखाचे होते. उन्हात पडवीचं शेणही तापायचं. महिपतीने कण्याचा साडेसात हात तुकडा घेतला. त्यातला अडीच हात जमिनीत जायचा. खालच्या टोकाला त्याने खाच पाडून दोन आडवे सोट फुलीसारखे बसवले, लाकडाच्याच खुंट्यांनी. मचव्याला खिळे कमी आणि खुंट्या जास्त, कारण लोखंड खाऱ्यात सडतं. वर सुकाणूसारखा आडवा हात, त्याखाली तिरका टेकू. हात जिच्यावर फिरायचा ती खिळी त्याने सरळ बसवली नाही, किंचित कलती ठेवली. मैनाने विचारलं, "वाकडी का?"

"ढकल."

तिने हात ढकलला. तो वळला, क्षणभर थांबला आणि आपल्याच वजनाने सावकाश मागे येऊन खटकन जागेवर बसला. मैनाने परत ढकलला. मग बायजाने ढकलला. शेजारचे आले, त्यांनीही ढकलला. महिपती कोपऱ्यात बिडी ओढत बसला होता. तीन वर्षांत कुणी त्याच्या कामाभोवती असं जमलं नव्हतं.

पेटी सागाचीच केली. रस्त्याच्या बाजूने सात फटी, प्रत्येक फटीवर कातड्याची झडप. वाडीच्या बाजूने सात दारं, सात कड्या, ज्याचं त्याचं कुलूप. फळ्यांचे सांधे राळ आणि तेलाने होडीसारखे बुजवले, छप्पर उतरतं, बुडाला पाणी निथळायला बारीक भोकं. बाहेरून डांबर. शेजारची चंद्रावती पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. मूर्तीचे डोळे रेखण्याइतका तिचा हात बसलेला. ती म्हणाली, "नुसतं काळं नको. घरांची नावं मी लिवते." महिपतीने विचारलं, "पाण्यात उतरंल ना गो रंग?" ती रागावली. "गणपतीचा रंग नाय लावणार, तेलाचा लावीन. मना शिकवतोस?" तिने पांढऱ्या रंगात सात नावं लिहिली. घरतांच्या दारावर मात्र तिने महिपतीचं एकट्याचं नाव लिहिलं नाही. "महिपती, बायजा, मैना" असं लिहिलं.

खड्डा सातही घरांच्या माणसांनी खणला. पाणी लागत होतं, ते घमेल्याने उपसत होते. फुली तळाशी बसली, तिच्यावर दगड रचले, दगडांवर शिंपल्यांचा चुना आणि माती, थराथराने धुमसून, ठोकून घट्ट केलेली. खांब ट्रकच्या खुणांपासून हातभर मागे. वरचा हात मात्र रस्त्याकडे निघालेला, पेटी बरोबर सुतळीच्या गाठीच्या उंचीवर.

आणि सगळ्यात शेवटी, तिथून दहा पावलांवर, महिपतीने बाभळीचा तो जुना सोट परत खोल रोवला. खरखरीत, सालीसकट.

"हा कशाला?" हैबतरावाने दुकानातून ओरडून विचारलं.

"म्हशींना."

बाकावरचे परत हसले, पण संध्याकाळी म्हशी आल्या त्या डांबराच्या वासाला फुरफुरून बाजूला झाल्या आणि बाभळीच्या सोटाला मान घासू लागल्या. हसणाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

मृग लागायच्या आदल्या आठवड्यात ट्रक लागला. विटांनी भरलेला, नवखा ड्रायव्हर. मागे येता येता त्याचं बूड थेट पेटीवर आलं. दुकानातल्या सगळ्यांनी पाहिलं. महिपती त्या वेळी उघाडीवर होता, बायजा मात्र तिथेच होती. "अगो बाय!" ती ओरडली. ट्रकने पेटी दाबली, पेटी वळली, पार वाडीच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. ट्रक पुढे गेला. पेटी सावकाश मागे आली आणि खटकन बसली.

मग बाकावरच्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "हैबतराव," तो म्हणाला, "माणसाची बायको पण एवढी गुमान माघारी येत नाय." दुकान हास्याने भरलं. ह्या खेपेला बायजाही हसली.

पण मास्तरांनी पावसाळा सांगितला होता, ट्रक नव्हे.

दिव्यांच्या अवसेला उधाण आलं. चार दिवस वरून पाऊस कोसळत होता, डोंगराचं पाणी खाली आलं आणि खालून समुद्र वर आला. दुपारी बांधाला खांड पडली. सातही घरांतली माणसं, बाया, म्हातारे चिखलाचे गोळे आणि पेंढ्याचे भारे घेऊन खांडीत उतरले. पाणी छातीला लागत होतं, पायाखालची माती सरकत होती. बायजा मैनाच्या कमरेला धरून उभी होती आणि मैना पुढच्याकडून आलेला गोळा खांडीत दाबत होती. दोन तासांनी खांड बुजली. तोवर पाणी फाट्यापर्यंत पोचलं होतं.

महिपतीने होडी काढली. "खांब बघून येतो."

"मी पण," मैना म्हणाली.

फाट्यावर रस्ता दिसत नव्हता. हैबतरावाच्या दुकानात गुडघ्याएवढं पाणी होतं. बाक तरंगत होता, आणि तो स्वतः पोती माळ्यावर चढवत होता. खांब उभा होता. पाण्याचा लोट त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटत होता, पेटी पाण्याच्या दीड हात वर होती. आणि खांबाला मिठी मारून रघू पोस्टमन उभा होता. सायकल कुठेतरी मागेच टाकलेली, थैली डोक्यावर.

"दादा!" तो ओरडला. "ह्याला धरला नसता तर गेलो असतो!"

महिपतीने होडी जवळ आणली, दोर खांबाला बांधला आणि रघूला काखेत हात घालून आत ओढलं. दोर ताणला गेला, होडी फिरली, खांब जराही हलला नाही. रघू धापा टाकत होता. दम घेतल्यावर तो म्हणाला, "तुमच्या खणात टाकली हाय. आधी टाकली, मग धरला खांब."

मैनाने होडीत उभी राहून कुलूप काढलं. आत कोरडं होतं. हाताला लाकडाचा उबदार कोरडेपणा लागला आणि त्यावर एक खाकी पाकीट.

तिने पावसात वाचलं, अंगाने आडोसा करून. मग बापाकडे पाहिलं.

"काय गो?"

"जागा रिकामी झालीय. परत बोलावलंय, बाबा. सोमवारी."

"आज कोण वार?"

"गुरुवार," रघू म्हणाला, आणि तिघेही एकदम हसू लागले. पाऊस तोंडात जात होता तरी हसत राहिले. दुकानाच्या माळ्यावरून हैबतराव वाकून बघत होता. त्याला कळेना ह्यांना पुरात काय झालं. महिपतीने होडी तिकडे वळवली. "या खाली. पोती पण द्या. वाडीवर जागा हाय."

हैबतराव क्षणभर घुटमळला. मग त्याने पहिलं पोतं खाली सोडलं, आणि महिपतीने ते खांद्यावर झेललं.

सोमवारी मैना पेणहून अलिबागच्या एस.टी.त बसली. वीस दिवसांनी त्याच खणात तिची निवड झाल्याचं पत्र आलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कमळाकर मास्तर स्वतः फाट्यावर आले. त्यांनी खांबाला हात लावला, मग खांदा लावला, मग दोन्ही पाय रोवून ढकलला. त्यांचा चष्मा खाली पडला. खांब तसाच. त्यांनी पेटी ढकलली, ती मागे आली, तशी त्यांनी ती पुन्हा तीनदा ढकलली. तिसऱ्यांदा ते लहान मुलासारखे हसत होते.

"महिपती, तुझ्यासारखं काम मी शहरातही पाहिलं नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता टपाल कायमचं इथेच. आणि ऐक, रोह्याकडून विचारणा आलीय. तिथल्या वरश्याला बारा घरांना खांब पाहिजेत. तू देशील का?"

महिपतीने बायजाकडे पाहिलं.

"देऊ की," तीच म्हणाली. "करवत दोघांची हाय."

दिवाळीनंतर दोघं रोह्याला गेली. वरश्याच्या रस्त्याकडेला त्यांनी खड्डे खणले, फुल्या बसवल्या, दगड धुमसले. तिथली माती खारी नव्हती, घट्ट होती, म्हणून महिपतीने खोली कमी केली आणि ट्रक जास्त होते म्हणून हात लांब केला. लोक बघायला जमत. महिपती त्यांना बोलून समजावत नसे, "ढकला" एवढंच म्हणे. बायजाच्या हाताची कातडी डांबराने काळी झाली होती आणि मिठाच्या चिरा भरून आल्या होत्या. त्या वर्षी ती मिठागरावर गेलीच नाही.

मार्गशीर्षात बायजा महिपतीच्या आधी वाडीवर परतली. फाट्यावर एस.टी.तून उतरली तेव्हा रघू सायकलवरून एक पाय टेकवून त्यांच्याच खणात काहीतरी सारत होता.

"वैनी, बरी आलीस. तुझी हाय."

"मैनाच्या बाबाची असंल."

"नाय, तुझीच हाय. नाव तुझं हाय."

बायजाने गाठोडं खाली ठेवलं. कमरेची किल्ली काढली, मागे जाऊन दार उघडलं. निळं अंतर्देशीय पत्र होतं, मैनाच्या अक्षरातलं. ती ते उलटंसुलटं करून बघत राहिली. जन्मात तिच्या नावाने कुठून काही आलं नव्हतं.

"वाच रं काय लिवलंय वर."

"सौ. बायजाबाई महिपती घरत. खारवाडी, तालुका पेण."

हैबतराव दुकानातून बाहेर आला होता. बाकावरचे चहा पिता पिता थांबले होते.

"परत वाच," बायजा म्हणाली. "मोठ्यानं वाच."

रघूने सायकल बाजूला लावली, गळा साफ केला आणि वाचलं.